दसऱ्याले धुतलेल्या कॅसेटा

...नाई, आता तुम्हीच सांगा, व्हीडीओची कॅसेट धुवाची असते काय? धुवाची वस्तू हाय काय ते? पाण्याचा गुंड धुवावा, भाताचा गंज धुवावा, समई चिंचेनं घासावी, सायकल पुसावी, बैल असन तं बैल धुवावा... पण कॅसेट? अन् धुतली तं धुतली, वरून हळद-कुंकू लावून, झेंडूचं फूल ठेवून, उदबत्ती ओवाळून, अन् पोरगं कपाळाले हात लावून बसलं तं माय त्यालेच विचारते, का बाबू, तब्येत बरी नाई काय? अजी, तब्येतीचं काय घेऊन बसले, तिकडं एका पोरीचं लगन अडून राहिलं ना!

थांबा, सुरुवातीपासून सांगतो. नाईतं तुम्ही म्हणसान, का हा माणूस मधातूनच सुरू होते.

तं तेजराम माहा शेजारी. जवाहरनगरात आमच्या फॅक्टरीच्या कॉटरा एकाले एक लागून, त्याच्या घरी मिरची फोडणीत पडली का ठसका मले लागते. दिवसा फॅक्टरी, अन् सुट्टीच्या दिवशी खांद्यावर कॅमेरा. आपल्या भंडाऱ्यात हे व्हीडीओचं येऊन दिवसच किती झाले? लगनाची शूटिंग करणारे बोटावर मोजण्याइतके, त्याच्यात आमचा तेजराम एक. उन्हाळा लागला का ह्याचा पत्ता नाई. आज मोहाडी, उद्या पवनी, परवा साकोली, अन् एसटीत बसला का कॅमेरा मांडीवर. बाजूच्या बाईनं आपलं लेकरू उभं केलं तरी चालन, हा कॅमेरा खाली ठेवत नाई.

आता लोकाईले काय वाटते? का लगन झालं, पाहुणे गेले, का दुसऱ्या दिवशी कॅसेट हातात भेटाले पायजे. अजी, तसं नसते ते! एका लगनाच्या चार-पाच कॅसेटा भरतात. हळदीची एक, मांडवाची एक, जेवणाची एक... जेवणाची वेगळी लागते, काहून का प्रत्येकाले वाटते आपण जिलबी खाऊन राहिलो ते जगाले दिसलं पायजे... अन् एक रडण्याची. म्हणजे विदाईची, पण तेजराम तिले रडण्याचीच म्हणते. मंग ह्या साऱ्यातून निवडून निवडून एक बनवा लागते. कशी बनवतात? मले वाटे, टेलरसारखी कैचीनं कापत असतीन. तं नाई! एकही कॅसेट कापाची नाई. दोन व्हीसीआर मांडाचे, एकात भरलेली, एकात कोरी, इकून चालवाची अन् तिकून उतरवाची. अन् त्याच्या आधी कापीत, म्हणजे वहीत, लिहून ठेवाचं, का लाल पट्टीची कॅसेट, मशीनच्या आकड्याच्या काट्यावर इथपासून तिथपर्यंत, नवरदेव घोड्यावर. पिवळी पट्टी, इथपासून तिथपर्यंत, काकू नाचून राहिल्या, जास्त दाखवाच्या नाईत.

म्हणजे समजा, तुमच्या घरी लगनाचा सैपाकी आला. तो काय म्हणते? पितळी डब्यातली डाळ घ्या, कोपऱ्यातल्या ढोलीतले तांदूळ घ्या, निळ्या झाकणाच्या बरणीतलं तिखट घ्या. आता डाळ काय त्याच्या तोंडात असते? डाळ डब्यात असते, तोंडात फक्त डब्याचं नाव. तुम्ही झाकणं इकडची तिकडं करून टाकली, तं? सैपाक्याचं बोलणं बरोबर, डाळ बी घरात, अन् वरात उपाशी! बस, हेच झालं. तेजरामची कापी बरोबर होती. कॅसेटा बी घरात होत्या. पण कापीत "लाल पट्टी" लिहून हाय अन् पेटीत पट्टीच नाई, तं आता डोक्स्यात घालाची काय ते कापी?

पण एवढ्यानं काय बिघडते, म्हणसान तुम्ही. तं ऐका, काय बिघडते.

तेजरामचा साळा तुलाराम, म्हणजे बायकोचा मोठा भाऊ. पवनीकडं गाव, धानाची शेती, माणूस सोन्यासारखा, पण घाईचा. म्हणजे इतका घाईचा, का चपला पायात जायच्या आधी हा चालाले लागते. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या मोठ्या पोरीचं लगन झालं, शूटिंग आमच्या तेजरामचीच, निवडून एक कॅसेट बनवाची ते अजून बाकी. अन् लहान पोरीचं, रुखमाचं, दिवाळीनंतर ठरलं. पोरगा चांगला, घर चांगलं, तारीख बी निघाली. अन् बरोब्बर त्या वेळेवर उघडं पडलं, का पोरीईचा मामा मोठीच्या लगनापासून रुसून हाय. देवाजी नाव त्याचं.

आता मामा रुसणे म्हणजे काय, हे तुम्हाले मी सांगाले पायजे काय? नवरीले हाताले धरून मांडवात आणाचं कोण? मामानं. तिच्या पाठीशी उभं राहाचं कोण? मामानं. अन् देवाजी काही नुसता लगनापुरता मामा नाई. दोन्ही पोरी त्याच्या घरी राहून शिकल्या, बिमार पडल्या तं त्यानंच खांद्यावर घेऊन दवाखान्यात नेल्या. रुखमानं बापाले तोंडावर सांगून देल्लं, का मामा नाई तं मी मांडवात पाय टाकत नाई, तुम्ही वरात वापस करा नाईतं काहीही करा. अन् ते पोरगी बोलली म्हणजे बोलली.

रुसला कायच्यावरून? तं मानाचा टोपी-दुपट्टा! मोठीच्या लगनात व्याह्याले टोपी-दुपट्टा भेटला, पाहुण्याईले भेटला, ज्यानं मांडव टाकला त्याले भेटला, अन् देवाजी म्हणते, मले नाई. "दुपट्ट्याचा भुका नाई मी, खुंटीवर ढीग पडला हाय. पण चार लोकाईत मले पाहून न पाहिल्यासारखं केलं." अन् तुलाराम शपथ घेऊन सांगे, का मी देल्ला, ह्या हातानं खांद्यावर टाकला. कवा टाकला? आठवत नाई. कोठी टाकला? आठवत नाई. पण टाकला! अन् पंचाईत अशी, का दोघंही खोटं बोलणारी माणसं नाईत.

तवा आमचा तेजराम मधात पडला. कोणी म्हणलं होतं? कोणी नाई. म्हणे, कायले भांडता, माह्याजवळ सारं भरून हाय, माह्या कापीत लिहून हाय, "मामा, टोपी-दुपट्टा", दसरा होऊ द्या, त्याच्या पुढच्या आयतवारी दोघंही माह्या घरी या, बटन दाबतो अन् दाखवतो. देवाजीनं बी मान्य केलं. दिसलं तं मी चार लोकाईत माफी मागतो, म्हणे, अन् न दिसलं तं पुढं माहं नाव काहाडाचं नाई.

आता दसरा.

तेजरामची माय बायाबाई. हाताले आराम नाई अशी बाई. बसली तरी काही ना काही निवडत राहीन, काहीच नसलं तं निवडलेले तांदूळ पुन्हा निवडन. तेजरामच्या कॅसेटा एका लोखंडी पेटीत, एका रांगेत. प्रत्येकीवर खळीनं चिकटवलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर रंगाची पट्टी, कोणाचं लगन, कोणती कॅसेट, सारं त्याच्यावर. अन् घरात ताकीद, का पेटीले कोणी बोट लावाचं नाई, हे पेटी म्हणजे माहा देव्हारा हाय. आता तुम्हीच सांगा, देव्हारा म्हणलं, तं दसऱ्याले बुढी सोडन काय?

तेजराम तिकडं फॅक्टरीच्या पूजेले. इकडं बुढीनं इचार केला. गावी होतो तवा माह्या मालकानं, पोराच्या बापानं, दसऱ्याले नांगर पुजला, वखर पुजला. पोराजवळ ना नांगर, ना वखर. त्याच्या पोटापाण्याचं आवजार कोणतं? हेच! काहाडली पेटी. वल्लं फडकं घेतलं. चिठ्ठ्या मळल्या होत्या, कोपरे उचकले होते, बुढीले ते पाहून कसंतरी झालं, नखानं खरवडून खरवडून साऱ्या काहाडल्या. कॅसेट काळीभोर निघाली. साऱ्या काळ्याभोर! मंग चाकाईत बोट घालून फिरवून पाहिलं, का अटकत तं नाई. मंग एकेकीले हळद, एकेकीले कुंकू, कोणाले कमी नाई, कोणाले जास्त नाई, वरून फूल, अन् पेटीत आपट्याचं सोनं.

तेजराम आला, मले सोनं देल्लं, गळ्यात पडला, घरात गेला, अन् पेटीचं झाकण वाजलं. मी गेलो पाहाले. तं हा पेटीसमोर बसून, एक कॅसेट ह्या हातात, एक त्या हातात, अन् दोन्हीवर सारखंच कुंकू. मी म्हणलं, काय झालं गा? त्यानं दोन्ही कॅसेटा माह्याकडं केल्या. माय बोलली. म्हणे, "जुने कागद होते ते फेकले, कॅसेटा साऱ्या हायेत, मोजून घे. घरातली वस्तू घरातच हाय, जाईन कोठी?"

आता बुढीचं बी खोटं नाई. वस्तू घरातच होती. समोरच होती. फक्त कोणती कोणती होय, ते ब्रह्मदेवालेही सांगता आलं नसतं.

अन् तेजरामच्या बायकोचं तं विचारूच नोका. भाताचं ताट अशी आदळे, का आमच्याकडं भितीवरचं कॅलेंडर हाले. एकच वाक्य बोलली ते त्या आठवड्यात, "माह्या भावाच्या पोरीचं लगन तुमच्या मायनं धुवून काहाडलं." मंग पुन्हा ताटाची आदळआपट.

मंग सुरू झालं शोधणं. फॅक्टरीतून आला का व्हीसीआरसमोर. आता तुम्ही म्हणसान, लावाची अन् पाहाची, कठीण काय? अजी, लावून पाहा तुम्ही! मे महिन्यातली लगनं साऱ्या जिल्ह्यात एकसारखी. तोच मांडव, तेच पताके, तोच बँड, नवरदेवाच्या तोंडावर तोच घाम. अर्धा घंटा पाहून झाल्यावर तेजराम म्हणे, हे तुलारामभाऊचंच, अन् तवाच नवरीनं मान वर केली तं भलतीच पोरगी! काट्याचा बी उपेग नाई, बुढीनं चाकं फिरवून ठेवली होती ना. अन् फुकटचा शिनेमा हाय म्हणल्यावर कॉलनीतल्या बाया जमाले लागल्या. अनोळखी पोरीच्या विदाईले पदर डोळ्याले लावून राहिल्या! बायाबाई तं सर्वात समोर. "ही पोरगी गरीब दिसते वं, सासू कशी भेटली असन तिले?" तेजराम म्हणे, माय, मले काम करू दे. ते म्हणे, "तं कर ना बाबू, मी कोठी अडवलं? घरातली वस्तू घरातच हाय, जाईन कोठी?"

असं करता करता आयतवार आला. तुलाराम अन् देवाजी एकाच एसटीनं आले, पण एक डायवरच्या मागं बसून आला अन् दुसरा सर्वात मागच्या सीटवर, एकमेकाशी चकार शब्द नाई. अन् तेजरामले अजून कॅसेट भेटली नव्हती. मले डोळ्यानं खुणावते, का चहा लांबवा. आता चहा लांबवाचा तं किती लांबवाचा? देवाजी बशी खाली ठेवून म्हणे, "दाखवा बाप्पा, मले परतीची गाडी हाय."

लावली एक. साकोलीचं लगन. देवाजी म्हणे, हे कोण? तेजराम म्हणे, थांबा, चुकून लागली. लावली दुसरी. जेवणाची पंगत, कोणाची ते देव जाणे. लावली तिसरी... अन् मोठी पोरगी दिसली! तुलारामचाच मांडव! सारे सरळ होऊन बसले. मी तं चहाचा कप तसाच हातात धरून. पडद्यावर तुलाराम आला, हातावर टोप्या अन् दुपट्टे. इकडं घरातला तुलाराम उठून उभा राहिला, का पाहा, पाहा आता. अन् पडद्यावरचा तुलाराम गेला मामाजवळ, टोपी घातली, दुपट्टा टाकला...

नवरदेवाच्या मामाले.

कापीत "मामा" लिहून होतं ते हेच. तेजरामनं लिहिताना कोणाचा मामा ते लिहिलंच नव्हतं. अन् खरं सांगतो, त्याच्या पुढचं मले पाहवलं नाई. मागं देवाजी दिसत होता. हातात पाण्याची बादली, पंगतीले पाणी वाढून राहिला होता. दुपट्टे वाटताना पाहून त्यानं बादली खाली ठेवली. धोतराले हात पुसले. अन् सरळ उभा राहिला, आता आपला नंबर येईन म्हणून. तुलाराम घाईघाईनं त्याच्या समोरून गेला, बाजूच्याले देल्ला, त्याच्या बाजूच्याले देल्ला, अन् तिकडं निंगून गेला. देवाजी थोडा वेळ तसाच उभा. मंग त्यानं बादली उचलली.

देवाजी उठला. रागावला नाई, ओरडला नाई. एवढंच म्हणाला, "भाऊजी, मी बादली ठेवून उभा होतो."

तुलारामच्या डोळ्यातून पाणी चालू. म्हणे, देवाजी, मले दिसलाच नाई गा तू... पण आता त्याचा काय उपेग? देवाजी दारात जाऊन चपला शोधून राहिला, तेजराम भुईकडं पाहून राहिला, त्याची बायको मोरीत जाऊन रडून राहिली. मले एकच दिसत होतं, रुखमा. का आता ते पोरगी काही मांडवात येत नाई, अन् वरात दारातून वापस जाते.

अन् ह्या साऱ्यात बायाबाईचं वेगळंच! तिले त्या टोपी-दुपट्ट्याशी काही घेणं-देणं नव्हतं. आठ दिवसात रडण्याच्या कॅसेटीची गोडी लागली होती तिले, अन् मशीन कसं लावाचं ते बी पाहून पाहून शिकली होती. तिले वाटलं, खेळ संपला, आता आपण आपल्या पसंतीचं पाहू. ढिगातून एक कॅसेट उचलली, फूल काहाडलं, अन् देल्ली लोटून!

बँड वाजाले लागला. विदाई. अन् पोरीचं रडणं. देवाजी दारात होता, एक चप्पल पायात, एक हातात. तो आवाज त्याच्या भाचीचा. आपल्या हातानं वाढवलेल्या पोरीचा आवाज कोणी विसरते काय? तो वळला.

पडद्यावर जीप उभी. जीपेचा दरवाजा धरून देवाजी रडून राहिला. साधं रडणं नाई, लहान लेकराचं रडणं, डोळेच उघडत नाई. अन् मागून तुलाराम धावत आला. हातात एक टोपी, एक दुपट्टा! मांडवात राहून गेलं ते ह्याले त्या टायमाले आठवलं, बाप्पा! आला, देवाजीच्या डोक्यावर टोपी दाबली, खांद्यावर दुपट्टा टाकला, अन् तसाच पळाला, रुखवताची पेटी जीपेत चढली का नाई ते पाहाले. अन् देवाजीनं काय केलं? मान वर न करता दुपट्टा ओढला, त्याले डोळे पुसले, नाक शिंकरलं, अन् आमच्याकडं मामा पडते तसा भाचीच्या पाया पडाले वाकला. वाकला तं टोपी पडली. बाजूले पिपाणीवाला उभा होता, बँडातला. देवाजीनं न पाहताच दुपट्टा त्याच्या हातात देल्ला, जसा काही त्याचाच होय. पिपाणीवाल्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, दुपट्टा गळ्यात घातला, टोपी झटकून डोक्यावर ठेवली, अन् दुप्पट जोरानं वाजवाले लागला!

पहिले कोण हासलं मले माहीत नाई. बहुतेक मोरीतून आवाज आला. मंग सारं घर हासलं. देवाजी चप्पल हातात घेऊन तसाच उभा. म्हणे, "मले वाटलं कोणीतरी टावेल देल्ला."

म्हणजे पाहा! मांडवात भेटला नाई, देवाजी खरा. ह्या हातानं खांद्यावर टाकला, तुलाराम बी खरा. दोघं खरे, अन् पाच महिने दोघाईच्या घरात सुतक. तुलाराम गळ्यात पडला देवाजीच्या, देवाजी पडला तुलारामच्या, अन् इतके रडले दोघं, का बायाबाई पडदा सोडून त्याईलेच पाहाले लागली. माह्या छातीवरचा भारा असा उतरला, का मी तो गार झालेला चहा एका घोटात पेऊन टाकला. अन् तेजरामची बायको? त्या दिवशी तिनं सासूच्या ताटात सर्वात आधी वाढलं, अन् ताट हळूच ठेवलं.

अन् इचार करा ना तुम्ही. चिठ्ठ्या राहिल्या असत्या, तं तेजरामनं काय केलं असतं? लाल पट्टीची काहाडली असती, बरोबर जागेवर लावून ठेवली असती, बटन दाबलं असतं, अन् दाखवलं असतं, का पाहा, मामाले नाईच भेटला! खेळ खतम. बाकीची पेटी कोणी उघडलीच नसती. दुपट्टा त्या दुसऱ्या कॅसेटीत होता, अन् ते कोणत्याच कापीत लिहून नव्हतं. मी हे तेजरामले समजावून सांगत होतो, तं बुढी मधातच म्हणते, "मी काय सांगून राहिली होती मंग? घरातली वस्तू घरातच हाय, जाईन कोठी?" घ्या! आता तिलेच खरं म्हणा लागते.

रुखमाचं लगन झालं. झक्कास झालं. तुलारामनं ह्या टायमाले सर्वात पहिले देवाजीले टोपी-दुपट्टा देल्ला, व्याह्याच्याही आधी, वर हात धरून विचारलं, का आठवन ना? अन् देवाजीनं त्या दिवशी कोणतीच जोखीम घेतली नाई. दुपट्टा खांद्यावर सारखा केला, टोपी घट्ट बसवली, अन् कॅमेरा जिथी जाईन तिथी त्याच्या समोर. तेजराम डावीकडं सरकला का तो डावीकडं. तेजराम पाटावर चढला का हा खुर्चीवर चढला. अक्षता पडल्या त्या बी ह्याच्याच टोपीवर. त्याले बाजूले हो कोण म्हणन? आता कुठी मानला होता माणूस!

होळीले रुखमा माहेरी आली, तं आत्याच्या, म्हणजे तेजरामच्या, घरी कॅसेट पाहाले आली. बसली. हळद पाहिली, मांडव पाहिला, जेवण पाहिलं, विदाई पाहिली. सारं शांतपणे पाहिलं. मंग तेजरामले म्हणते, "मामाचा मान झाला, ते तं दिसलं. पण माहं लगन झालं, ते कोणत्या कॅसेटीत हाय?"

तेजराम उठला, पडद्याजवळ गेला, कॅसेट थांबवली, अन् बोट लावून दाखवलं, "हे देवाजीच्या खांद्यामागून बाशिंगाचं टोक दिसते ना बाई... ते तूच होय."